ट्रक गेले, खोकला आला

चौकशीबाई दारात उभी राहिली की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघायची, मग खुर्ची पुढे करायची आणि ती काही विचारायच्या आतच "आमचं सगळं बरं आहे हो" असं सांगून मोकळी व्हायची. चौकशीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते वस्तीने दिलेलं होतं, आणि वस्तीने दिलेलं नाव दाखल्यावरच्या नावापेक्षा पक्कं बसतं. तिचं खरं नाव आता बँकेत आणि माहेरी, एवढंच उरलं होतं.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. कुठे नवा रस्ता होणार, पूल होणार, बाजार हलणार, कारखाना येणार असला की त्याने माणसांच्या तब्येतीचं काय होईल आणि मग खरोखर काय झालं, हे तपासायला पालिकेने एक कार्यालय काढलं होतं. कार्यालय म्हणजे दवाखान्यात लस टोचायची जी खोली असते तिच्यामागची खोली. दोन टेबलं, दार न लागणारं एक कपाट, आणि भिंतीपलीकडे सकाळभर पोरांचं भोकाड. तिथल्या मुख्य म्हणजे डॉक्टरीणबाई. चौकशीबाई म्हणजे त्यांचे पाय. घरोघर जायचं आणि विचारायचं, झोप लागते का, दम लागतो का, खोकला आहे का, चालायला कुठे जाता. "रस्त्याला डांबर किती लागलं ते इंजिनियर सांगेल," डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "माणसाला तो रस्ता किती लागला ते आपण सांगायचं." हे वाक्य चौकशीबाईला इतकं आवडलं होतं, आणि तिने ते घरी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की हल्ली तिने तोंड उघडलं की नवरा तिच्या आधी ते म्हणून दाखवायचा.

नवरा पंक्चर काढायचा. त्यांचं घर मोठ्या रस्त्याला लागून, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. दारात टायरांची चळत, आत हवेचा पंप, आणि भिंतीला टेकवलेली ती लांब पहार, जिच्याने तो ट्रकचं चाक असं सोडवायचा जसं आपण डब्याचं झाकण काढतो. रस्ता ट्रकांचाच होता. बंदराकडून येणारे आणि बंदराकडे जाणारे सगळे ट्रक ह्या वस्तीच्या मधून जायचे. एक गेला की दुसरा. खिडकीच्या काचा सदा थरथरत, फळीवरचे पेले हळूहळू सरकत कडेला येत, आणि दोन हातांवर माणूस बोलत असला तरी हातवारे केल्याशिवाय कळायचं नाही. वस्तीतली माणसं लग्नाला परगावी गेली की तिथले लोक म्हणायचे, तुम्ही भांडता का एकमेकांशी? भांडत नव्हती बिचारी. तेवढ्याच आवाजात ती प्रेमाचंही बोलायची.

मग बायपास करायचं ठरलं. ट्रक गावाबाहेरून वळवायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी माणसं मोजून घेऊ, म्हणजे नंतर काय बदललं ते कळेल. चौकशीबाई आपल्याच वस्तीत दारोदार फिरली. प्रत्येक घरात जो कोणी भेटेल त्याला सगळ्या घराचं विचारायचं, अशी पद्धत होती. झोप? "लागते की." दम? "छे." खोकला? "आमच्यात कुणाला नाही." धुळीने कपडे वाळत घालता येत नाहीत, एवढीच काय ती तक्रार. तिला आश्चर्य वाटलं. इतका धूर, आणि खोकला जवळजवळ नाहीच? डॉक्टरीणबाईंनाही वाटलं. पण माणसं सांगतात ते लिहायचं, आपल्या मनातलं नाही, हा नियम होता. स्वतःच्या घराचं तर तिने कुणाला विचारलंही नाही. नवरा, आपण, सासूबाई. खोकला, नाही. स्वतःच्याच घरात काय विचारायचं?

बायपास झाला. एका सकाळी ट्रक आले नाहीत. पहिल्या दिवशी माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत बसली. पोरांनी दुपारपर्यंत रस्त्याच्या मधोमध खडूने चौकोन आखले होते. फळीवरचे पेले जागच्या जागी राहू लागले. हवा मोजायचं यंत्र डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या गच्चीवर लावलं होतं, त्यात धूळ उतरलेली दिसली. सगळं कसं ठरल्याप्रमाणे, पुस्तकात लिहिल्यासारखं. चौकशीबाई हवा स्वच्छ झाल्यावर ऐटीत दुसऱ्या फेरीला निघाली.

आणि पहिल्याच दाराशी ठेच लागली.

"खोकला?"

"आहे ना. आमच्या आईला आहे. चांगलाच आहे. हल्लीच सुरू झालाय."

पुढच्या घरात मोठ्या जावेला. त्याच्या पुढच्या घरात आजीला, आणि भाडेकरूच्या सासूलाही. कोपऱ्यावरची काकू, जिला चौकशीबाई लग्न होऊन आल्यापासून ठणठणीत बघत आली होती, तिचा मुलगाही म्हणाला, "हो, खोकते. ट्रक गेल्यापासून." ट्रक गेल्यापासून. प्रत्येक दारात तेच. चौकशीबाई लिहीत गेली आणि तिचं डोकं भणभणायला लागलं. धूर गेला, धूळ गेली आणि खोकला आला? असं कुठे असतं का? पावसाने कुणी कोरडं होतं का?

तिने कार्यालयात सगळे कागद डॉक्टरीणबाईंसमोर ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं.

"एक तर गच्चीवरचं यंत्र खोटं बोलतंय, नाहीतर माणसं," त्या म्हणाल्या.

"माणसं कशाला खोटं बोलतील, मॅडम?"

"तेच तर कळत नाही."

दोघींनी मिळून डोकं खाजवलं. नव्या बायपासची माती वाऱ्याने इकडे येते का? वारा तर उलट्या दिशेचा. रस्ता मोकळा म्हणून लोक दारं उघडी टाकतात आणि गार हवा लागते का? मग पोरांना का नाही खोकला? कुणी काही जाळतं का? चौकशीबाई दोन दिवस लोकांच्या परसात डोकावत फिरली, कुणाच्या चुलीत काय आहे ते बघत. एका घरातल्या बाईने तिला विचारलंच, "काय हो, आता आमचा केरसुद्धा मोजणार का?" एक ना धड, भाराभर चिंध्या. यंत्र दुरुस्तीवाल्याला दाखवलं, त्याने छातीठोकपणे सांगितलं की यंत्र खरं बोलतंय. म्हणजे उरली माणसं.

ह्या सगळ्या गोंधळात एक माणूस भलताच खूश होता. वस्तीतला हॉटेलवाला. ट्रकवाले त्याच्याकडे जेवायचे, आता टेबलांवर माशाही बसत नव्हत्या. त्याला कुठून तरी दुसऱ्या फेरीची कुणकुण लागली आणि त्याने वस्तीला एक वाक्य दिलं: ट्रक गेले, खोकला आला. पोरं खडूच्या चौकोनांत उड्या मारताना ते म्हणायला लागली. त्याने पालिकेत अर्ज टाकला की बायपासने लोकांची तब्येत बिघडली असं पालिकेच्याच कार्यालयाचं म्हणणं आहे, तेव्हा ट्रक परत वस्तीतून सोडा. पालिकेने सभा ठेवली. कारण सांगता आलं नाही तर ट्रक परत येणार, असं सरळ दिसत होतं.

चौकशीबाईला ट्रक परत नको होते. आता इतक्या वर्षांनी ती दाराशी उभी राहून हळू आवाजात बोलायला शिकली होती. पण नवऱ्याच्या दुकानात दिवसाला दोन सायकली येत होत्या, आणि तो पहार पुसत बसायचा. ती पुसायची वस्तूच नव्हे. त्याला ती काय सांगणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती.

तो मात्र चिडत नव्हता. जेवताना म्हणायचा, "तुझ्या त्या डॉक्टरीणबाईला सांग, माणसाला थोडा धूर लागतोच. विरजणासारखा."

"अहो, गप्प बसा."

"मी गप्प बसतो, पण खोकला बसेल का?"

आणि सासूबाई हसायच्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मग उठून मागच्या खोलीत जायच्या आणि थोड्याच वेळात शिवणाचं मशीन सुरू व्हायचं.

सासूबाईंचं हे मशीन हल्ली हल्लीच सुरू झालं होतं. सासूबाईंनी सगळं आयुष्य गोणपाटाच्या कारखान्यात पोती शिवण्यात घालवलं होतं. वस्तीतल्या त्यांच्या वयाच्या बहुतेक बायांनी घालवलं होतं. वस्ती वसलीच त्या कारखान्यामुळे. कारखाना बंद पडला त्या दिवशी सासूबाई घरी येऊन म्हणाल्या होत्या, "आता ह्या हातांनी टाकासुद्धा घालणार नाही." आणि नव्हता घातला. मुलाचं बटण तुटलं तर सुनेने लावायचं. लग्नात आलेलं पायांनी चालवायचं मशीन मागच्या खोलीत चादरीखाली पडलं होतं, त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या. ट्रक बंद झाले आणि थोड्या दिवसांत बरण्या खाली आल्या, चादर निघाली, आणि खडखड सुरू झाली. सकाळी, दुपारी, जेवणानंतर. चौकशीबाईला बरंच वाटलं. म्हटलं, मन रमतंय. तिने एकदा म्हटलंही, "आई, मला कागद ठेवायला एक पिशवी शिवून द्या." सासूबाई "बघू" म्हणाल्या. पिशवी काही आली नाही. इतकं मशीन चालतं तर एव्हाना सगळ्या वस्तीला तंबू व्हायला हवा, असं नवरा म्हणाला, आणि त्यावरही सगळे हसले.

सभेच्या आदल्या दुपारी चौकशीबाई चष्मा घरी विसरली म्हणून परत आली. नवरा दुकानात टायरवर बसून पेंगत होता. मागच्या खोलीत मशीन चालू होतं. चष्मा होता मशीनच्याच खोलीत, खिडकीत. ती दारापर्यंत गेली आणि उभी राहिली.

मशीनखाली कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता. सासूबाई मशीनवर पार ओणव्या झाल्या होत्या, पाय नुसता खालची पायपट्टी हाणत होता आणि हातातला रुमाल तोंडावर दाबलेला होता. त्यांची पाठ उसळत होती. खडखडीच्या आत, खोलवर, एक आवाज येत होता, जो चौकशीबाईने ह्या घरात कधीही ऐकला नव्हता. जुना, ओला, तळातून ओढून काढल्यासारखा. मग पाठ शांत झाली, आणि पाय थांबला, मशीन थांबलं. सासूबाईंनी रुमालाची घडी घातली. मान वर केली तर दारात सून.

"चष्मा विसरले," चौकशीबाई म्हणाली.

"खिडकीत आहे."

ती हलली नाही. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि समजल्या की आता पुढे काही झाकण्यात अर्थ नाही.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "तो जागा होईल."

तिने दार लावलं.

"आई, कधीपासून?"

"ते तुझ्या कागदावरचे प्रश्न मला विचारू नकोस. ऐक. कारखान्यात जी खोकायची तिला मुकादम घरी पाठवायचा. तिची जागा दुसरीला. मग आम्ही खोकायचं कधी? यंत्र चालू असताना. यंत्र सुरू झालं की सगळ्या रांगेने खोकून घ्यायचं, यंत्र थांबलं की सगळ्या गप्प. नवी कोण आली की थोरल्या बाया तिला आधी हे शिकवायच्या, आणि मग सुई ओवायला. यंत्राआड खोकणं म्हणायचो आम्ही. मग कारखाना गेला. पण घरी ट्रक होते ना. एक जातो तेवढ्यात काम होतं माणसाचं." त्या जरा थांबल्या. "ते तुम्ही लोकांनी बंद केले. मग मला हे काढावं लागलं."

चौकशीबाई लोणच्याच्या बरण्यांशेजारी जमिनीवरच बसली. तिला एकदम कोपऱ्यावरची काकू आठवली. पुढच्या घरातली मोठी जाऊ, भाडेकरूची सासू. सगळ्या कारखान्यातल्या. सगळ्यांकडे काही शिवणाचं मशीन नव्हतं. ट्रक गेले आणि त्यांचा आडोसा गेला, एवढंच. खोकला आला नव्हता. तो होताच. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत ती परसापरसांतून लोकांच्या चुली हुंगत फिरली होती.

तिला आनंद झाला आणि त्याच क्षणी रडू आलं, आणि दोन्हींतलं कुठलं आधी ते तिलाही कळेना.

"आई, उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

"नाही. तुझे सासरे असेच तपासायला गेले. चालत गेले होते ते. परत आणले कसे ते तू पाहिलं नाहीस." आवाज कापला नाही, पण बोटं रुमालाची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. "आणि हे तू कुणाला सांगायचं नाहीस. त्याला नाही, आणि त्या बाईला तर मुळीच नाही. माझ्यावरून बाकीच्यांचंही उघडं पडेल. इतकी वर्षं एकीने दुसरीचं सांगितलं नाही. म्हणतील, हिच्या घरातून फुटलं."

"पण आई, उद्या सभेत कारण नाही सांगितलं तर ट्रक परत येतील."

"येऊ देत की," सासूबाई म्हणाल्या. "मला काय वाईट आहे?"

खरंच, काय वाईट होतं? ट्रक आले की दुकान चालेल, सासूबाईंना आडोसा मिळेल, वस्ती पुन्हा ओरडून बोलायला लागेल आणि खोकला कागदावरून नाहीसा होईल. सगळ्यांचं भलं. फक्त माणसं आतून विरत जातील, आणि कुणाला ऐकू येणार नाही. ती चष्मा घेऊन कार्यालयात परत गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही सुचलं का? ती म्हणाली, नाही मॅडम. आजवर त्या बाईशी ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

सभा पालिकेच्या हॉलमध्ये होती. गरम होत होतं म्हणून भिंतीशी एक मोठा उभा पंखा लावला होता, चालू केला की विमान उडेल असं वाटायचं. चौकशीबाई आत आली आणि तिचं लक्ष आपसूक तिकडे गेलं. वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्या पंख्याशेजारच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांना वारा हवा असेल असं कुणालाही वाटलं असतं, तिलाही कालपर्यंत वाटलं असतं. सासूबाई मधे बसल्या होत्या. नवरा मागे, पुरुषांमध्ये.

हॉटेलवाला बोलला, आणि बोलला फर्डा. शेवटी "ट्रक गेले" म्हणाला, आणि अर्धा हॉल "खोकला आला" म्हणाला. डॉक्टरीणबाई उठल्या. त्या लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. हवा सुधारली आहे, खोकला वाढलेला दिसतो, का ते आम्हाला समजलेलं नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्षांनी चौकशीबाईकडे बोट केलं. "दोन्ही वेळा घरोघर ह्या गेल्या होत्या. त्यांनाच विचारू. तुम्हाला काय वाटतं बाई?"

ती उभी राहिली. पंखा घरघरत होता. तिने सासूबाईंकडे बघितलं नाही, कारण बघितलं तर सगळं चेहऱ्यावर येईल अशी तिला भीती वाटली.

"साहेब, दुसरी फेरी बरोबर आहे," ती म्हणाली. "पहिली... पहिल्या फेरीत माझ्याकडून नीट विचारलं गेलं नाही. चूक माझी आहे."

"चूक म्हणजे काय? कसली चूक?"

"ते मला सांगता येत नाही."

हॉटेलवाला उसळलाच. "घ्या! म्हणजे कागदच खोटे! ही बाई घरी बसून कागद भरत होती आणि आमच्या पोटावर पाय आला!" मागून कुणी तरी हसलं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू ती ओळखीचीच नाही. अध्यक्ष म्हणाले, "बाई, असं असेल तर तुम्हाला ह्या कामावर ठेवायचं की नाही हाही प्रश्न आहे." चौकशीबाईने मान हलवली. तिला मान्य होतं की नव्हतं, ते त्या हलवण्यातून कुणालाच कळलं नाही.

"तो पंखा बंद करा."

आवाज सासूबाईंचा होता. वस्तीचा ट्रकांच्या वेळचा आवाज, भिंतीपर्यंत जाणारा. कुणी हललं नाही, तेव्हा त्या स्वतः उठल्या, दोन पावलं गेल्या आणि बटण खाली केलं. पाती फिरत फिरत थांबली. कोपऱ्यावरच्या काकूने त्यांच्या पदराला हात घातला आणि हळूच ओढलं. सासूबाईंनी तो हात सोडवला.

आणि त्या खोकल्या. रुमाल न लावता, सगळ्यांकडे तोंड करून. पहिली उबळ आली, मग दुसरी, मग मोजता येईना. कमरेतून वाकल्या, बाकाला धरलं, पुन्हा उभ्या राहिल्या. पंख्याविना त्या हॉलमध्ये भिंतीपर्यंत तो ओला, जुना आवाज. संपला तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

"हा नवा नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या ट्रकांच्या आधीचा आहे. सून माझी नीट विचारते. आम्हीच कुणासमोर खोकत नव्हतो."

काकू खाली बघत होती. तिने ओठ घट्ट मिटले होते, गळा हलत होता. मग तिच्याने धरवेना. तिची उबळ बारीक होती, मांजराच्या पिल्लासारखी. मग मागच्या बाकावर कोणी तरी, मग भाडेकरूची सासू, मग दोन-तीन जणी एकदम. पंखा बंद होता आणि त्या सगळ्या रांगेने खोकत होत्या, जणू मुकादमाच्या डोळ्यांदेखत.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "एका घरात एकालाच विचारलं आपण," त्या म्हणाल्या, स्वतःशीच. "ज्याला ऐकू येत नव्हतं त्यालाच विचारलं. पद्धत माझी होती." मग त्या बाकांपाशी गेल्या आणि काकूच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी घाम पुसला. "म्हणजे बायपास चांगला की वाईट?"

"अजून माहीत नाही."

"मग हा खोकला कारखान्याचा की ट्रकांचा?"

"तेही माहीत नाही. छाती ऐकल्याशिवाय मी सांगणार नाही. एकेकीची."

हॉटेलवाला काही तरी बोलायला उठला आणि तसाच बसला. त्याची आईही त्या बाकावर होती. अध्यक्षांनी सांगितलं की सगळ्यांची तपासणी होईपर्यंत ट्रक आहेत तिथेच राहतील, आणि सभा संपली असं कुणी म्हणायच्या आत ती संपली.

नवरा मागून पुढे येत होता. लोकांना ढकलत नव्हता, पण लोकच बाजूला होत होते. हातात कुठून तरी पाण्याचा पेला होता, तो अर्धा सांडला होता. ट्रक गेले, खोकला आला, हे जेवताना तो किती वेळा म्हणाला असेल आणि आई किती वेळा हसली असेल. तो आईसमोर उभा राहिला. त्याने पेला पुढे केला. सासूबाईंनी एक घोट घेतला.

"डॉक्टरकडे मी चालत जाणार नाही," त्या म्हणाल्या. "गेले ते चालत गेले होते."

"पाठीवर नेतो," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी तिथेच, बाकावर, पहिला कागद काढला आणि चौकशीबाईच्या हातात दिला. तिचा खांदा जरा दाबला. चौकशीबाईने चष्मा लावला. इतक्या घरांत जाऊन इतक्या माणसांना विचारलेला प्रश्न तिने आपल्या घरातल्या माणसाला आज पहिल्यांदा विचारला.

"आई, तुम्हाला खोकला आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

सासूबाईंनी आठवल्यासारखं केलं. मग सुनेकडे बघून हसल्या, आणि ह्या वेळी पदर तोंडाला लावला नाही.

"तुझ्या लग्नात तर मी पोटभर खोकले. वाजंत्री होती ना."